रविवारची लढाई आणि मामाजींचं खेचर

पासष्टच्या लढाईवर टीव्हीवर मालिका येणार, अशी जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा माझे सासरे, म्हणजे मामाजी, भाकरीचा घास तोंडात घालत होते. तो हात तसाच थांबला. पडद्यावर एक रणगाडा धूळ उडवत गेला, एक विमान तिरकं झालं, एका अधिकाऱ्यानं दुर्बीण डोळ्याला लावली आणि ढोल वाजून सगळं संपलं. मामाजींनी घास परत ताटात ठेवला आणि शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता पाह्यजा! आता आमचं खेचर दिसन साऱ्या गावाले!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

मी या गावात सून म्हणून येऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. माझं माहेर चिखलीचं. वडील बाजार समितीत कारकून होते. सासरचं हे गाव देऊळगाव राजाच्या रस्त्यापासून थोडं आत, आणि मी गावातल्याच शाळेत शिकवत होते. टीव्ही मी आणलेला होता, चिखलीहून एसटीत मांडीवर बसवून. कंडक्टरनं "ह्या लेकराचं अर्धं तिकीट काढा" म्हणून माझी भर बसमध्ये चेष्टा केली होती. काळा-पांढरा टीव्ही, लाकडी पेटीतला, पुढून सरकतं दार. तो घरात आला तेव्हा सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि मामाजींनी पलटणीतल्यासारखा कडक सलाम ठोकला. मी हसले, तर म्हणाले, "दिल्लीहून येऊन राह्यलं चित्र. सरकारी मानूस हाय हा."

मामाजी फौजेत होते हे गावात कुणी नाकारत नव्हतं. ट्रंकेत पदक होतं, पेन्शन येत होती, आणि पहाटे उठून ते अंगणात अशा काही उठाबशा काढायचे की कोंबड्या लांब पळायच्या. भानगड एवढीच होती की ते बंदूकवाल्या पलटणीत नव्हते. ते खेचरांच्या कंपनीत होते. डोंगरात जिथे ट्रक जात नाही, जीप जात नाही, तिथे सैन्याचं पीठ, मीठ, पाणी, गोळे, अगदी सुटी केलेली तोफसुद्धा खेचराच्या पाठीवरून वर चढते. प्रत्येक जवानाकडे आपलं एक खेचर. त्याला चारायचं, खरारा करायचा, लादायचं आणि त्याच्या बरोबर वर जायचं. हे सगळं ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या गावाच्या लेखी फौजी म्हणजे छातीवर बंदूक धरलेला, आणि खेचर म्हणजे गाढवाचा भाऊ. गावात मामाजींना तोंडावर "फौजी" म्हणायचे आणि पाठ वळली की "खेचरवाले".

त्यात मामाजी काही गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांना लढाईची गोष्ट सांगायची फार हौस. गोष्ट अशी सुरू व्हायची: पासष्ट साल, काश्मीरचे डोंगर, पाऊस असा की अंगावरचा कपडा आठ-आठ दिवस वाळत नव्हता. वर एक खिंड घ्यायची होती. आपली पोरं अंधारात उभा कडा चढून गेलेली, आणि त्यांच्यामागे खेचरांची रांग. आणि नेमका तेव्हा आला पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात. मामाजींना राहवेना. त्यांनी पलटणीच्या स्वयंपाकघरात, लंगरात, जाऊन वाटीभर तूप आणि चिमूटभर हळद मागून आणली आणि बसले खेचराचे खांदे मळत.

गोष्ट इथेच संपायची. म्हणजे मामाजींना पुढे सांगायचं असायचं, पण तूप आलं की ऐकणारे हसत सुटायचे. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचे ते माझे चुलतसासरे. मामाजींच्या चुलत्याचा मुलगा, वयानं बरोबरीचा. दोघं एका पाटीवर अ-आ शिकलेले आणि तेव्हापासून एकमेकांना खिजवत आलेले. चुलतसासऱ्यांची बैलजोडी पंचक्रोशीत नावाजलेली. पोळ्याला त्यांच्या बैलांच्या झुली पाहायला बाया मुद्दाम थांबायच्या. त्यामुळे तूप खेचराला लागलं याचा त्यांना वैयक्तिक अपमान वाटायचा. "गोळ्या सुटून राह्यल्या होत्या अन् हा गाढवाच्या पोट्ट्याले तूप चोळून राह्यला होता! अबे, सरकारनं काय तुले मालिश कराले धाडलं होतं?" मग मामाजी चिडून उठून जायचे. वीस वर्षं हाच खेळ चालू होता.

मला सुरुवातीला मजा वाटायची. मग वाटेनाशी झाली. कारण उठून जाताना मामाजींचे कान लाल झालेले मला स्वयंपाकघराच्या दारातून दिसायचे. माणूस मोठा बढाईखोर होता, मान्य. मी काही त्यांची वकिली करत नाही. पण खोटं बोलणारा माणूस चिडत नाही, तो गोष्ट बदलतो. यांची गोष्ट कधीच बदलली नाही.

तर मालिकेची जाहिरात आली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर पैज लागली. चुलतसासरे म्हणाले, "टीव्हीत खेचर दिसलं तं मी साऱ्यायसमोर उभा राहून खेचरासारखा ओरडतो. अन् नाही दिसलं तं?"

मामाजींनी मिशीला पीळ दिला. "नाही दिसलं तं ही काढून टाकीन."

ती मिशी साधी नव्हती. पलटणीत भरती झाल्यावर राखलेली, दोन्ही बाजूंनी गालावर चढलेली, रोज खोबरेल पिणारी. सासूबाई आत मला म्हणाल्या, "मी तं ह्यायचा वरचा ओठ अजून पाह्यला नाही वो." पण पैजेत खरी मिशी लागली नव्हती. मिशी गेली तर पुन्हा उगवते. खेचर नाही दिसलं, तर वीस वर्षं सांगितलेली गोष्ट थाप ठरणार होती, तीही दिल्लीच्या साक्षीनं. गावाला तेव्हा टीव्हीवर दिसलं ते खरं आणि नाही दिसलं ते खोटं, असंच वाटायचं.

मालिका रविवारी सकाळी लागायची. दिवाळी होऊन गेली होती, कपाशीची वेचणी चालू होती, तरी रविवारी दोन तास वावरं ओस पडायची. आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. पुरुष पुढे, बाया मागे, लहान पोरं थेट पडद्याला नाक लावून. चुलतसासरे सगळ्यांच्या आधी येऊन ज्वारीच्या पोत्याला टेकून बसायचे. ती त्यांची राखीव जागा. नवरा घराच्या मातीच्या धाब्यावर चढून अँटेना धरायचा, चित्राला मुंग्या आल्या की खालून सगळे ओरडायचे, "डावीकडं! अजून! बस, बस, हलू नोको!" बिचाऱ्यानं अख्खी लढाई आभाळाकडे तोंड करून ऐकली. पाहिली कधीच नाही.

आणि मामाजी बोलत राहायचे. मालिकेपेक्षा त्यांचंच जास्त ऐकू यायचं. नायक खंदकातून उठला की, "ह्याच्या पँटीची इस्त्री पाह्य! खंदकात धोबी ठेवला काय रे?" अधिकारी कपबशीत चहा प्यायला की, "आमचा साहेब मगात प्यायचा, मग नसला तं टोपात." रात्रीच्या हल्ल्यात जवान घोषणा देत पळाले तर मामाजी अक्षरशः कळवळले, "अबे ओरडता काऊन? दुश्मन झोपेल हाय, त्याले उठवून मंग मारता काय?" मग समजावून सांगायचे, की डोंगरातली लढाई मुक्यानं लढायची असते. त्यांना शिकवणारा म्हातारा वस्ताद ब्रह्मदेशाच्या लढाईतला होता. तो सांगायचा, की त्या जंगलात खेचरांच्या गळ्यातली नसच कापून टाकलेली असायची, आवाज फुटू नये म्हणून. हे ऐकून आमच्या घरातलं सगळं गाव हळहळलं आणि मागच्या बायांतून कुणीतरी च्च् च्च् केलं.

मामाजींचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. रणगाडा त्यांनी आयुष्यात जवळून पाहिला नव्हता, पण त्याच्यावरही मत द्यायला कमी करत नसत. विमान दिसलं की "हे आपलं" म्हणून टाळी द्यायचे आणि पुढच्या क्षणी त्यातून बॉम्ब आपल्याच खंदकावर पडायचा. चुलतसासरे पोत्याला टेकून पोट धरायचे.

एका रविवारी नायकाची बायको बागेत फुलं तोडत विरहाचं गाणं म्हणत होती. सासूबाई कधी मध्ये बोलत नसत. त्या दिवशी पदर सावरून म्हणाल्या, "हिचा नवरा लढाईत, अन् हिले बागेत फिराले येळ हाय. मी तं वावरात तन निंदत होती. महिनाभर खबर नाही, तरी निंदत होती. तन काही लढाईसाठी थांबत नाही." सगळ्या बाया एकदम "हाव न वो" म्हणाल्या. मामाजींनी पहिल्यांदाच मालिकेवरची नजर काढून मागे बायकोकडे पाहिलं. मला ते फार आवडलं.

पण खेचर काही दिसेना. रविवारमागून रविवार गेले. पंजाबच्या मैदानातले रणगाडे झाले, उसात लपलेल्या तोफा झाल्या, विमानतळ झाला, दवाखान्यातली परिचारिका झाली. एक कुत्रा दिसला. एकदा उंटसुद्धा दिसला, तेव्हा चुलतसासरे अर्धवट उठून म्हणाले, "हेच काय बे तुहं खेचर? कुबड कव्हा आलं त्याले?" हशा पिकला. मामाजीही हसले, पण त्या दिवशी त्यांनी अर्ध्या भाकरीवरच हात धुतला.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. पुस्तकातल्या लढायांत सेनापती असायचा, तह असायचा, सन असायचा. सैन्य पहाटे अमुक घाटातून निघालं आणि तमुक किल्ल्यावर पोचलं, असं मी खडू हातात धरून ठणठणीत आवाजात सांगायचे. पण त्या सैन्याचं पीठ कुणी वाहिलं, हे मला कधी पडलंच नव्हतं. त्या हिवाळ्यात पहिल्यांदा वर्गात माझ्या तोंडून निघालं, "आणि यांच्या भाकरी कोण नेत होतं, सांगा बरं?"

संक्रांत जवळ आली तेव्हा मालिका संपायला आली होती. वावरात हुरडा तयार होता. एका सुट्टीच्या दिवशी मामाजी गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजत होते आणि मी शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले होते. त्यांनी कणीस हातावर चोळून गरम दाणे माझ्या पुढ्यात टाकले आणि एकदम म्हणाले, "बाई, एकच भाग राह्यला न?"

"हो मामाजी. शेवटचा. खिंडीचाच आहे म्हणे."

"दाखवतीन का नाही?"

मी शहाणपणा करून म्हणाले, "मामाजी, नाही दाखवलं म्हणून तुम्ही लढला नाहीत असं थोडंच होतं?"

ते विस्तव सारखा करत राहिले. मग म्हणाले, "मले काऊन दाखवतीन? मले नाही दाखवलं तं चालते. मले पेन्शन भेटते, पदक भेटलं, तुह्या हातची चटणी भेटून राह्यली. त्याले काय भेटलं? माही बदली झाली, त्याचं दावं दुसऱ्याच्या हातात देल्लं अन् मी निघालो. त्यानं मान वळवून पाह्यलं मले. एकडाव गावानं त्याले पाह्याव, बस. इतकंच वाटते."

तोवर मी समजत होते की म्हाताऱ्याला आपला मोठेपणा मिरवायचा आहे. घरी येताना मी मनातल्या मनात देवाला, दिल्लीला आणि अँटेनाला एकदमच साकडं घातलं, की एक खेचर दाखवा.

शेवटच्या रविवारी आमच्या घराची दारं-खिडक्या माणसांनी भरल्या. तिळगुळाचे दिवस, त्यामुळे जो येईल तो माझ्या हातावर चिमूटभर तिळगूळ ठेवून आत घुसत होता. मामाजी इस्त्री केलेला सदरा घालून, पदक लावून, टीव्हीपुढे ताठ बसले होते. मिशीला आज दुप्पट खोबरेल होतं. चुलतसासरे पोत्याजवळ. आज ते खिजवत नव्हते, नुसतेच अधूनमधून मामाजींकडे बघत होते.

भाग सुरू झाला. डोंगर आले. पाऊस आला. "हाच! हाच डोंगर!" मामाजी म्हणाले, तो कुठल्यातरी शूटिंगचा डोंगर असणार, पण कुणी हरकत घेतली नाही. जवान कडा चढू लागले. कोणी ओरडत नव्हतं, तेव्हा मामाजींनी समाधानानं मान हलवली. आणि नेमकं तिथे चित्र फाटायला लागलं. मुंग्या, रेघा, मग नुसतीच खरखर. पन्नास तोंडं एकदम धाब्याकडे ओरडली. वरून नवऱ्याचा आवाज आला, "आलं का? आता आलं का?"

आलं. चित्र थरथरत स्थिर झालं, आणि धुक्यातल्या पायवाटेवरून, वाकलेल्या जवानांच्या मागे, पाठीवर दोन्हीकडे पेट्या लादलेली जनावरांची एक रांग खाली मान घालून वर चढत होती.

"आलं! खेचर आलं!" दारातलं कुणीतरी किंचाळलं, आणि मग जे झालं ते मी कितीही सांगितलं तरी कमीच पडेल. अख्खं घर उभं राहिलं. पोरं नाचायला लागली. बायांनी एकमेकींच्या अंगावर तिळगूळ उधळला. सासूबाई निरांजन लावायला देवघराकडे धावल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी टाळ्या वाजवत होते. वर नवरा विचारत होता, "काय आलं? चित्र आलं का?" आणि त्याला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती.

चुलतसासरे पोत्याला धरून उठले. शब्दाला जागणारा माणूस. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, दोन्ही हात कानांपाशी उभे धरले, मान वर केली आणि असे काही ओरडले की गोठ्यातल्या बैलांनी उत्तर दिलं. लोकांनी "अजून एकडाव!" म्हटलं. ते पुन्हा ओरडले.

"थांब! थांब बे!" त्या आरडाओरड्यावरून मामाजींचा आवाज आला. ते टीव्हीच्या अगदी जवळ सरकले होते, काचेवर एक बोट ठेवून. "थांब, ओरडू नोको. घोडं हाय हे."

कुणाला आधी कळलंच नाही.

"कान पाह्य याचे," मामाजी म्हणाले. "अन् शेपूट पाह्य, बुडापासून केसं हायेत. तट्टू हाय. शिनेमावाल्यायनं डोंगरातले तट्टू आणून लादले. खेचर नाही हे."

पडद्यावर रांग धुक्यात शिरून दिसेनाशी झाली. चुलतसासऱ्यांचे हात अजून कानांपाशीच होते. त्या घरात खेचर आणि तट्टू यांतला फरक ओळखणारा एकच माणूस होता. तो नुसता गप्प बसला असता, तर जिंकला होता. मिशी वाचली होती, वीस वर्षांची चेष्टा संपली होती, गाव नाचत होतं. मला तर क्षणभर मामाजींचा राग आला. कशाला बोललात, असं वाटलं. आणि लगेच इतका अभिमान वाटला की मी सासूबाईंचा हात घट्ट धरला. त्यांच्या दुसऱ्या हातातलं निरांजन हललं.

"मी दोनदा ओरडून मोकळा झालो," चुलतसासरे हळूच म्हणाले, "अन् आता सांगतं होय?"

"मले का मालूम तू इतल्या जल्दी सुरू होशीन म्हणून?"

पडद्यावर खिंड घेतली गेली, झेंडा लागला, नावं वर सरकली. मालिका संपली तरी एकही माणूस जागचा हलला नाही. मामाजी उठले, फळीवरचं आपलं दाढीचं सामान घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसले. मागोमाग सगळं घर बाहेर आलं. त्यांनी आरसा खांबाला टेकवला, कात्रीनं मिशीची टोकं उडवली आणि फेस करायला लागले.

चुलतसासऱ्यांनी त्यांचा हात धरला. "राहू दे बे. खेचर म्हंजे अर्धं घोडंच असते न? घोडं तं दिसलं. फार तं अर्धी काढ."

"अर्धी काढून बहुरूपी होऊ का?" मामाजींनी हात सोडवून घेतला. "शब्द म्हंजे शब्द. तू नाही ओरडला?"

आणि त्यांनी वस्तरा फिरवला. टॉवेलनं तोंड पुसून त्यांनी मान वर केली तेव्हा त्या रापलेल्या चेहऱ्यावर वरच्या ओठाची तेवढी पट्टी तान्ह्या बाळासारखी गोरीपान दिसत होती. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण हसू कसलं आवरतंय. त्या दाराला धरून खालीच बसल्या. मग मी हसले, मग सगळेच. मामाजींनी ओठाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "वारं लागून राह्यलं इथी."

हसणं ओसरलं. आता लोक निघतील असं मला वाटलं. पण चुलतसासरे मामाजींच्या शेजारी ओट्यावर मांडी घालून बसले.

"मंग तूप लावलं होतं म्हणतं," ते म्हणाले.

"हाव."

"हयदीसंगं?"

"हाव न."

कुणी हसलं नाही. मामाजींनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. वीस वर्षांत ते या जागेच्या पुढे कधी गेलेच नव्हते, त्यामुळे आता पुढे जायचं कसं हेच त्यांना सुचेना झालं.

"सांग न मंग," चुलतसासरे म्हणाले. "मोरं काय झालं?"

आणि मामाजींनी सांगितलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. खांदे मळून झाल्यावर आमच्याकडे बैलाच्या कानाशी लागून त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. मामाजींनीही खेचराच्या कानाशी लागून म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." तेवढ्यात सुभेदारानं पाहिलं. सरकारी तूप जनावराला लावलं म्हणून त्यानं पाठीवर बोजा देऊन यांना चिखलातून पळवलं. दुसऱ्या दिवशी दाणागोटा आणि पाण्याच्या पखाली लादून रांग वर निघाली. अर्ध्या वाटेवर वरून तोफगोळे पडायला लागले. जनावरं उधळली, दोर तुटले, पाऊस आणि धूर यांत हाताला हात दिसेना. मामाजींच्या हातातून दावं सुटलं. संध्याकाळी उरलेली माणसं खाली लंगरापाशी जमली. कुणाचं खेचर दरीत गेलं होतं, कुणाचं सापडतच नव्हतं. मामाजी जेवायचं ताट पुढ्यात घेऊन बसले, पण घास काही उतरेना.

"अन् बसलो होतो तसा," मामाजी म्हणाले, "मांगून कुणीतरी खांद्याले ढुसणी देल्ली. पाह्यतो तं हे. चिखलानं भरेल. पखाली पाठीवर जशाच्या तशा, एक थेंब सांडला नाही. सरळ माह्या ताटात तोंड घातलं त्यानं."

सासूबाई दारात उभ्या राहून नवऱ्याकडे अशा बघत होत्या की जणू हा माणूस आज पहिल्यांदाच घरी आला आहे.

"सुभेदार काय म्हणे?" कुणीतरी विचारलं.

"काय म्हनन? आदल्या दिवशी मले पळवलं होतं त्यानं. तो आला, त्यानं जनावराच्या पाठीवरून हात फिरवला, अन् लंगरात जाऊन सोता पुऱ्या घेऊन आला. सणाच्या पुऱ्या होत्या, साऱ्या पलटणले मोजून दोन-दोन. सुभेदारानं आपल्या दोन्ही खेचराले चारल्या."

चुलतसासऱ्यांनी उपरण्यानं नाक पुसलं. मागे उभ्या असलेल्या एका तरुण गड्याला मात्र अजून पटत नव्हतं. तो म्हणाला, "पन काका, एवढ्या गोळ्यायतून, अंधारात, ते बरोबर तुमच्याजोळच कसं आलं?"

मामाजींनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी चुलतसासरेच त्याच्यावर खेकसले, "काऊन नाही येईन बे? आवतन होतं त्याले!"